एक वाजून बावन्न मिनिटं

“कडी घाल,” सोहनी मॅडम म्हणाल्या. मी घातली.

“वरचीसुद्धा.”

मी वरचीही घातली आणि पाठीवरची सॅक खाली ठेवली. दुपारचे दीड वाजले होते. बाहेर श्रावणातलं ऊन पडलं होतं, समोरच्या बंगल्यात कुणीतरी गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या शांत कॉलनीत भर दिवसा दोन-दोन कड्या घालण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

मॅडम कॉम्प्युटरच्या टेबलाशी उभ्या होत्या. शाळेतून परस्पर आलेल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा काढलेली नव्हती.

“जास्मीन, तुला एक विचारायचंय. खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस.”

“विचारा ना मॅडम.”

“या मशीनची तारीख कोण बदलतं, ते कळतं का?”

उत्तर मला माहीत होतं. निदान त्या क्षणी मला तसं वाटत होतं.

ही दोन हजार चौदा सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मिरजेत स्टेशन रोडला आठ बाय दहाच्या गाळ्यात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. ते दुकान सोहनी सरांमुळे उभं राहिलेलं. सर आम्हाला हार्डवेअर शिकवायचे. वर्गात मी एकटी मुलगी. अब्बांनी मध्येच नाव काढायचं ठरवलं, तेव्हा सर स्वतः आमच्या घरी आले, दोन तास बसले, अब्बांना पटवूनच उठले. दुकानाची फीत त्यांच्याच हातून कापली. त्यांच्या संस्थेतल्या चाळीस मशीनच्या देखभालीचं काम त्यांनीच मला मिळवून दिलं. अम्मी म्हणायची, आपल्या घरात पीरबाबांच्या खालोखाल सोहनी सर.

वैजयंती मॅडम त्यांच्या पत्नी. एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवायच्या, वय बावन्न. जुलैत त्यांचा पहिला फोन आला. “अगं, काही साइट उघडतात, काही नाही. बातम्या दिसतात, पण मेल नाही, बँक नाही, रेल्वेचं तिकीट नाही. कुलपाच्या चित्रावर लाल फुली येते.”

जाऊन पाहिलं तर कॉम्प्युटरमध्ये एक जानेवारी दोन हजार नऊ ही तारीख होती. हे दुखणं मला पाठ होतं. सुरक्षित साइट उघडताना ती साइट आपलं ओळखपत्र दाखवते, आणि ओळखपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. मशीनला वाटतं आपण दोन हजार नऊमध्ये आहोत. मग दोन हजार चौदाचं ओळखपत्र त्याला खोटं वाटतं, आणि ते दार उघडत नाही. दहातल्या नऊ वेळा आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. मी बॅटरी बदलली, तारीख लावली, मॅडमनी दिलेला रव्याचा लाडू खाल्ला आणि निघाले. जुनी बॅटरी मीटर लावून बघावी, एवढंही मला सुचलं नाही.

अकरा दिवसांनी पुन्हा तोच फोन. पुन्हा एक जानेवारी दोन हजार नऊ. या वेळी सर घरी होते. मी सॅकमधून पेचकस काढणार, तेवढ्यात ते म्हणाले, “जास्मीन, जरा गाडीचा आवाज बघ ना, कसला येतोय,” आणि मला फाटकापर्यंत घेऊन गेले.

गाडीला काही झालेलं नव्हतं.

“मशीन ठीक आहे,” सर हळू आवाजात म्हणाले. “वैजू करते ते.”

“मॅडम काय करतात?”

“तारीख बदलते. मी डोळ्यांनी पाहिलंय. बसते, बदलते, उठून जाते. नंतर विचारलं तर काही आठवत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. पन्नाशीतच. शेवटी शेवटी कॉटला बांधून ठेवावं लागायचं. वैजूला कळू देऊ नकोस. ती खचेल. बॅटरी बदलल्यासारखं कर आणि जा.”

त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. मी आत गेले, मशीनचा डबा उघडला, अकरा दिवसांपूर्वी बसवलेली बॅटरी काढली आणि तीच परत आत बसवली. “पहिली डुप्लिकेट निघाली मॅडम,” मी म्हणाले. मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या.

आणि आता ही तिसरी वेळ.

“बोल ना,” मॅडम म्हणाल्या. “कळतं का?”

“कळू शकतं. मशीन नोंद ठेवतं. पण मॅडम, कशाला त्या खोलात…”

“सरांनी तुला सांगितलंय ना? माझ्या आईचं?”

मी खाली बघितलं.

“वाटलंच. मागच्या वेळी तू डोळ्याला डोळा भिडवला नाहीस.” त्या खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरली. “तीन महिन्यांत काय काय झालंय सांगू? माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात. परवा मी बाजारातून आले तर शेगडी चालू. वर भांडं नाही, काही नाही, नुसती जळतेय. हे म्हणाले, वैजू, एक दिवस घर पेटवशील. डॉक्टरांकडेही गेलो होतो, रोजची गोळी सुरू झालीय. सगळं यांनीच सांगितलं, मी नुसती शेजारी बसले होते. कारण मला तर काही आठवतच नव्हतं. काय सांगणार?”

“मॅडम…”

“ऐक. आजरा तालुक्यात मुलींची निवासी शाळा आहे. तिथं मुख्याध्यापिका म्हणून माझी निवड झालीय. होकाराचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, आज शेवटचा दिवस. शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे तिथून भरता येत नाही. कॅफेत पासवर्ड चोरतात म्हणून हे जाऊ देत नाहीत. आणि घरी बसले की ही लाल फुली.” त्यांनी पडद्याकडे हात केला. “पण मला फॉर्मचं नाही विचारायचं. दीडशे मुली आहेत तिथे. रात्री त्यांची जबाबदारी माझ्यावर. हे मीच करत असेन आणि मला आठवत नसेल, तर मी जाणार नाही. मला फक्त नक्की कळू दे.”

आमच्या वर्गात सरांचा एक नियम होता. आधी नोंदी वाचायच्या, मग पेचकस उचलायचा. मी तो दोन्ही वेळा मोडला होता, पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा निदान सरांनीच करून दिलं म्हणून. मी खुर्ची ओढली. मला ते बघायचं नव्हतं. कुणाच्या आईबापाचा रिपोर्ट आपणच फोडून वाचून दाखवावा, तसं वाटत होतं.

पहिल्यांदा एक बारीक गोष्ट दिसली. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घ्यायची जी सोय असते, तिच्यापुढची खूण कुणीतरी काढून टाकली होती. मग नोंदींची खिडकी उघडली. शेकडो ओळी. मी गाळत गाळत खाली आले आणि मला हव्या त्या तीन ओळी सापडल्या. अकरा जुलै. बावीस जुलै. आणि कालची, चार ऑगस्ट. बॅटरीचा काही संबंध नव्हता. मशीन चालू असताना, कुणीतरी समोर बसून, हाताने तारीख मागे नेली होती.

“कुणाच्या नावानं?” मॅडमनी विचारलं.

त्या मशीनवर दोन नावांनी आत जाता यायचं. एक सरांचं, एक मॅडमचं.

“तुमच्या.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

त्या पुढे सरकल्या. “किती वाजता?”

मी वाचलं. मला सांगवेना. त्यांनीच वाकून पडद्यावर बोट ठेवलं आणि लहान मुलासारखं एकेक अक्षर वाचलं. एक वाजून बावन्न मिनिटं. एक अठ्ठेचाळीस. एक पंचावन्न.

“रात्री?”

“चोवीस तासांचं घड्याळ आहे. म्हणजे… हो. रात्री.”

मॅडमनी बोट काढलं नाही.

“आई रात्री उठायची,” त्या म्हणाल्या. “पहिली खूण तीच होती. दीड-दोनला उठायची, स्वयंपाकघरात जायची, डबे उघडून परत लावायची. सकाळी विचारलं तर म्हणायची, मी तर गाढ झोपले होते.” त्यांनी माझा हात धरला. “म्हणजे मी उठते. जास्मीन, मी रात्री उठते आणि इथे येऊन बसते. अंधारात. आणि मला माहीतच नाही.”

मला त्या खोलीची भीती वाटायला लागली. त्या खुर्चीची, जिच्यावर मी बसले होते. रात्री एक बाई झोपेतच इथे येऊन बसते, आणि ती बाई आत्ता माझा हात धरून आहे.

नजर चुकवायची म्हणून मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्या ओळीच्या शेवटी, आकड्यांना चिकटून, एक इंग्रजी अक्षर होतं. झेड. ते मी आधीही पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता ते डोळ्यांत खुपलं. हे परीक्षेत आलं होतं. सरांनीच फळ्यावर लिहिलं होतं आणि मला उभं करून विचारलं होतं.

“मॅडम, थांबा. एक मिनिट थांबा.”

“काय झालं?”

“ही आपली वेळ नाही. ही ग्रीनिचची वेळ आहे. मशीन आतल्या नोंदी त्या वेळेनं लिहितं. आपली वेळ साडेपाच तास पुढे.” मी सॅकमधून पावतीपुस्तक काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. घाईत साधी बेरीज चुकली, खोडून परत केली. “एक बावन्न म्हणजे सकाळी सात बावीस. ही दुसरी सात अठरा. आणि कालची सात पंचवीस.”

मॅडमनी कागद माझ्या हातातून घेतला.

“सकाळी?”

“सकाळी.”

“अकरा जुलै वार कोणता होता?”

मी मोबाइलमध्ये पाहिलं. “शुक्रवार. बावीसला मंगळवार. काल सोमवार.”

“सव्वासातला प्रार्थना सुरू होते,” मॅडम हळूहळू म्हणाल्या, जणू मुलांना उतारा लिहून देत आहेत. “साडेसातपर्यंत. मी माइकवर असते. नऊशे मुलं समोर असतात. मी पावणेसातला घर सोडते.” त्यांनी मान वर केली. “सात बावीसला मी शाळेत होते.”

“हो.”

“हे मी नाही केलेलं.”

“नाही मॅडम. तुम्ही नाही केलेलं.”

मला वाटलं त्या हसतील, रडतील, निदान सुटल्यासारखा श्वास तरी सोडतील. पण त्यांचा चेहरा उलट आणखीच पांढरा पडला. मग माझ्याही लक्षात आलं. पावणेसातला मॅडम बाहेर पडतात. सर नऊला जातात. घरात तिसरं माणूस नाही. आणि कॉम्प्युटरवरचा मॅडमचा पासवर्ड सरांनाही माहीत.

“चष्मा,” मॅडम पुटपुटल्या. “किल्ल्या.” मग, “शेगडी.”

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

मी आयुष्यात त्याआधी किंवा त्यानंतर इतक्या झटपट काही बंद केलेलं नाही. नोंदींची खिडकी घालवली, कागद मॅडमनी पर्समध्ये कोंबला. दारावर थाप पडली, मग बेल, मग पुन्हा थाप.

“वैजू? आतून कडी का?”

मॅडम उठल्या, पदर नीट केला आणि दोन्ही कड्या काढल्या. सर दारात उभे होते, हातात डबा, कपाळावर घाम. माझ्याकडे बघून हसले.

“अरे, जास्मीन! मी ऑफिसातून शाळेत फोन लावला तर म्हणाले मॅडम लवकर गेल्या. घाबरलो ना मी. तब्येत बरी आहे ना वैजू?”

“बरी आहे,” मॅडम म्हणाल्या. “साइट उघडत नव्हती म्हणून हिला बोलावलं.”

“मग? काय निघालं?”

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “बॅटरीच, सर.”

“वाटलंच.” त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच शाबासकी दिली. “वैजू, चहा टाक जरा. आलं घाल.”

मॅडम आत गेल्या. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि सहज, बोलता बोलता, त्यांनी माऊस हातात घेतला. स्टार्टचं बटण दाबलं. नुकत्याच उघडलेल्या गोष्टींची यादी तिथं येते. सगळ्यांत वर, एक नंबरला, मी आत्ताच बंद केलेल्या नोंदींचं नाव होतं.

सरांचा हात माऊसवर तसाच राहिला.

“नोंदी वाचल्यास,” ते म्हणाले.

मी मान डोलावली.

“वेळ कोणती दिसली?”

हे त्यांनी अगदी परीक्षेत विचारावं तसं विचारलं. मी म्हणू शकले असते, रात्रीची, सर. दोनची. आजही मला कधी कधी वाटतं, मी तेच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ते त्यावरच भरवसा ठेवून होते.

“सात बावीस,” मी म्हणाले.

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मी खुर्चीत, समोर टेबल, मागे ते. आत कपबशांचा आवाज येत होता.

“हुशार आहेस. मी अब्बांना तेव्हाच सांगितलं होतं.” आवाज नेहमीसारखाच, मऊ. “आता मी सांगतो ते ऐक. ती तिकडे जंगलात एकटी राहणार. तिला काही झालं तर कोण बघणार?”

“त्यांना काही झालेलं नाही, सर.”

“होईल.”

“सर…”

“आईला झालं, तिला होणारच. आज ना उद्या होईल. मग मी आधीच सावध केलं तर काय बिघडलं? तिनं इथं राहावं, माझ्या डोळ्यांसमोर. एवढंच.” ते वाकले. त्यांच्या शर्टाला खडूचा वास येत होता, वर्गातला, ज्या वासाबरोबर मी सगळं शिकले होते. “तू तिला सांगितलंस तरी ती तुझं ऐकणार नाही. तिचा स्वतःवरच विश्वास उरलेला नाही. ती मला विचारेल. आणि मी म्हणेन, पोरगी चुकली, वेळेचा हिशोब तिला कधीच जमला नाही. बॅटरी म्हणालीस ना? बॅटरीच राहू दे. तुझं दुकान आहे, घर आहे. संस्थेचं काम आहे.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज टाकलं. मी हलले नाही. सव्वीस वर्षांच्या संसारासमोर माझ्या साडेपाच तासांच्या बेरजेला काय किंमत, हे त्यांचं म्हणणं मला पटतच होतं. भीती त्याचीच वाटत होती.

मॅडम ट्रे घेऊन आल्या. तीन कप. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, सरळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “पद्माकर.”

मी त्यांना सरांना नावानं हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक सरांनीही ऐकलं नव्हतं. ते चमकून वळले.

“सात बावीसला मी प्रार्थना घेत होते, पद्माकर.”

“वैजू, तू दमलीयेस. गोळी घेतलीस का?”

“शेगडी तू चालू ठेवलीस?”

“बस तू आधी.”

“मी विचारतेय ते सांग. घरात गॅस चालू ठेवून तू बाहेर गेला होतास?”

सर हसायचा प्रयत्न करत होते. मग ते थांबलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता तो. रात्री दिवे गेल्यावर मुलं जशी बघतात, तसे ते मॅडमकडे बघत होते.

“मी एकटा या घरात काय करू?” ते म्हणाले.

मॅडमनी पर्स खांद्याला लावली. “जास्मीन, गाडी काढ.”

सर दारात आडवे आले नाहीत. पण दारापर्यंतची ती सहा पावलं मी त्यांच्याकडे पाठ करून चालले आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता खांद्यावर हात पडेल. मी गाडीला किल्ली लावली. मॅडम मागे बसल्या, माझ्या कमरेला त्यांनी मिठीच मारली. कॉलेज कॉर्नरपर्यंत मी आरशात बघत होते. सरांच्यासारखी एक पांढरी स्कूटर मागे आली, वळली, दुसरीच होती.

स्टेशन रोडला माझ्या ओळखीच्या कॅफेत आम्ही शटर अर्धं खाली ओढायला लावलं. साइट लगेच उघडली. कुलूप हिरवं. पासवर्ड टाकताना मॅडम थांबल्या.

“मला आठवेल का गं?”

“टाका तुम्ही.”

पहिल्या प्रयत्नात लागला. फॉर्म भरायला त्यांना चाळीस मिनिटं लागली, कारण त्या प्रत्येक रकाना तीनदा वाचत होत्या आणि दर वेळी मला विचारत होत्या, हे बरोबर लिहिलंय ना? स्वतःचं नावसुद्धा विचारलं. पोचपावती छापून हातात आल्यावर त्या उठेनात.

“घरी नाही जायचं मला,” त्या म्हणाल्या.

कुपवाडला त्यांच्या शाळेतल्या पीटीच्या बाई राहायच्या, कुंदा चौगुले. त्यांनी दार उघडलं, मॅडमचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आत घेतलं. मी दुकानाकडे परत आले तेव्हा सहा वाजायला आले होते.

सर दुकानात, माझ्या स्टुलावर बसले होते.

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं ओळखीचे म्हणून शटर उघडून दिलं होतं. समोर टेबलावर माझी हत्यारं नेहमीसारखी पसरलेली. सरांनी त्यातला मोठा पेचकस हातात घेतला होता आणि ते तो बोटांत फिरवत होते.

“कुठं सोडलंस तिला?”

मी दारातच उभी राहिले. पाठीमागे रस्ता होता, रिक्षा जात होत्या, माणसं होती.

“सांगणार नाही, सर.”

“मी तिचा नवरा आहे.”

“सांगणार नाही.”

“तुला मी उभं केलं.”

“हो सर.”

त्यांनी पेचकस होता त्याच जागी, होता तसाच ठेवला, मूठ उजवीकडे करून, जसं आम्हाला ठेवायला शिकवलं होतं. उठले. माझ्या अंगाला अंग न लावता बाहेर गेले. मी शटर आतून ओढलं आणि खाली बसून अम्मीला फोन केला की मला घ्यायला अब्बांना पाठव.

आठवड्यानं कुंदाबाई आणि मी मॅडमची सर्टिफिकेटं आणायला त्या घरी गेलो. सरांनी दार उघडलं, फाइल हातात दिली, दार लावलं. फाइल नीट लावलेली होती, दहावीपासूनची. सगळ्यांत मागे, वेगळ्या प्लास्टिकमध्ये, एक पत्र होतं. तीन वर्षांपूर्वीचं. कोल्हापूरच्या एका शाळेनं मॅडमना मुलाखतीला बोलावलं होतं. कुंदाबाईंच्या घरी मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं.

“मला वाटलं, त्यांनी उत्तरच दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, मी तेवढी चांगली नसेन.” पत्र घडी करून त्यांनी परत प्लास्टिकमध्ये ठेवलं. ते सरांनी तिथं का ठेवलं, चुकून राहिलं की मुद्दाम, ते कधीच कळलं नाही.

पुढच्या महिन्यात संस्थेचं काम माझ्याकडून गेलं. मॅडम आजऱ्याला गेल्या. डॉक्टरांकडे त्या पुन्हा गेल्या, या वेळी कुंदाबाईंबरोबर, आणि स्वतः बोलल्या. गोळी बंद झाली. सर त्या घरात एकटेच राहिले. मी त्यांना एकदा भाजी मंडईत लांबून पाहिलं आणि गल्ली बदलली.

पण मॅडमची भीती काही लगेच गेली नाही. ते पहिलं वर्ष मला आठवतं. आठवड्यातून दोनदा तरी फोन यायचा. “जास्मीन, कपाटाची किल्ली सापडत नाही.” आवाज अगदी खोल गेलेला. मी हातातलं काम टाकायची. “बघा मॅडम, मी फोनवर आहे.” तिकडे खण उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मग, “सापडली. उशीखाली होती. मीच ठेवली होती, आता आठवलं.” आणि मग एक लांब श्वास. कधी कधी त्या नुसत्याच विचारायच्या, “मी ठेवली होती ना गं? इथं दुसरं कुणी येत नाही ना?” शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून मी काय सांगणार? तरी सांगायची, “तुम्हीच ठेवलीत, मॅडम.”

हळूहळू फोन कमी झाले. महिन्यातून एक. मग सणावारी.

मग दुसऱ्या पावसाळ्यात एकदा, शनिवारी दुपारी, माझ्या दुकानात गर्दी असताना फोन वाजला. मॅडम. मी घाईघाईनं बाहेर आले, कारण त्या धापा टाकत होत्या.

“काय झालं मॅडम? काय सापडत नाही?”

“छत्री!” त्या म्हणाल्या. “गडहिंग्लजला गेले होते, येताना एसटीत विसरले. नवी होती गं, जांभळी. गाडी सुटली आणि मला आठवलं. पळाले मागे, पण कसली थांबतेय. मुली हसताहेत मला, चिंब भिजलेय मी.”

“मग आता? डेपोत फोन लावू का?”

“नको. गेली ती. माझंच लक्ष नव्हतं, खिडकीतून बाहेर बघत बसले होते.” आणि त्या हसायला लागल्या. मुलींचा गलका, पत्र्यावरचा पाऊस, आणि त्या सगळ्याच्या वर त्यांचं हसू. “मीच विसरले, जास्मीन! अगं, मीच विसरले!”